त्रेचाळीस गेले: सावित्रीकाठच्या एका गावाच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

जुनी चावडी पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. सामान हलवायला आज वाचनालयाची सात-आठ मुलं आणि मी गेलो होतो. मोडकं कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे पांढऱ्या संगमरवराची पाटी निघाली. दोन हात रुंद, चुन्यात बसवलेली. अक्षरं इंग्रजी. मी या गावात एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. चावडीत शेकडो वेळा गेले असेन, पण ही पाटी मी पाहिली नव्हती.

मजकूर दोनच वाक्यांचा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ४३ माणसं गेली. त्यांपैकी ६ जणांनी प्राण दिले. एवढंच. नाव एकाचंही नाही.

मुलांनी विचारलं, "बाई, ही कोण माणसं?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन कोरी वही काढली. पहिल्या पानावर रकाने आखले: नाव, बापाचं नाव, वाडी, वय, पलटण, कुठे गेला, परत आला का, नाव आज कुठे कोरलेलं आहे. खाली १ ते ४३ आकडे घातले.

१ डिसेंबर

पाटी साफ केली. एक मुलगा फरशी धुवायचं ॲसिड घेऊन आला होता, त्याला वेळीच थांबवलं. संगमरवर म्हणजे चुनखडीच. ॲसिड लागलं की दगड विरघळतो आणि कोरीव काम बोथट होतं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच वापरायचं. शेवाळ ओलं करून तासभर ठेवलं आणि बांबूच्या चिपाटीने हलक्या हाताने काढलं. लोखंडाचा कण लागू दिला नाही.

अक्षरांत शिसं भरलेलं होतं, ते बऱ्याच ठिकाणी गळून गेलंय. म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर पुन्हा गेलो. टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाकला की खोलगट भागात सावली साठते आणि झिजलेलं अक्षर उठून दिसतं. आम्ही '६' वाचला होता तो '८' निघाला. वरच्या गोलाचा उजवा भाग झिजला होता, इतकंच.

दोन माणसं वाढली. घरी येताना कोणी फारसं बोललं नाही.

१५ डिसेंबर

एवढ्याशा गावातून ४३ का गेले, हे समजून घ्यायचं तर नदीपासून सुरुवात करावी लागते.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी आत महाडपर्यंत चढतं. आज आपण गावं मुंबई-गोवा रस्त्याने मोजतो, पण शंभर वर्षांपूर्वी ती भरती-ओहोटीने मोजली जायची. पडाव, मचवे आणि पुढे लाँची बाणकोटहून खाडीने वर दासगावपर्यंत यायच्या. मुंबईला जायचं तर घाट नव्हे, पाणी उतरायचं. आमच्या गावची जुनी तर, म्हणजे माणसं पोचवणारी होडी, जिथे लागायची तिथे अजून दगडी पायऱ्या आहेत. खालच्या तीन गाळात गेल्या.

जमीन खोताची. वरकस डोंगरावर नाचणी-वरी, खाजणात खारा भात, तोही बांध फुटला नाही तर. आठ महिन्यांचं धान्य घरात, चार महिने उसनवारी. मग घरातला एक मुलगा बाहेर पडायचाच. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: मुंबईची गिरणी, बोटीवरची खलाशाची नोकरी, नाहीतर पलटण. तिन्ही वाटा त्याच पायऱ्यांवरून उतरत होत्या.

पलटणीची वाट जुनी होती. कोकणातले मराठे आणि महार कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या फौजेत होते. दापोलीला अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात, तो कॅम्प याच फौजेचा. पिन्शन घेऊन परत आलेला सुभेदार गावात दिसायचा, त्याचं घर कौलारू असायचं, पोरं लिहायला शिकलेली असायची. भरतीला जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी राजासाठी म्हणून नाव दिलं असेल? मला वाटतं, बहुतेकांनी कौलांसाठी आणि मनीऑर्डरीसाठी दिलं. त्यामुळे त्यांचं मरण लहान ठरत नाही.

५ जानेवारी २०२५

वरच्या आळीत बसलो. माजी सैनिकांच्या घरांतून नावं पटापट आली. एकूण २४, त्यांतले पाच परत न आलेले. तिथल्या एका काकांनी वहीवर हात ठेवून सांगितलं, "झालं, एवढेच गेले होते आपल्या गावातून." मी म्हटलं, दगड त्रेचाळीस म्हणतो. ते म्हणाले, दगड चुकला असेल.

१९ जानेवारी

आज जे पाहिलं ते सविस्तर लिहून ठेवते.

वरच्या आळीतल्याच एका घरी देव्हाऱ्यात टाकांच्या मागे एक कांस्याची चकती उभी करून ठेवलेली. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, जड. वहिनी म्हणाल्या, "ही आमची पूर्वजाची. दर अमावास्येला हळदकुंकू लावतो." शंभर वर्षांच्या हळदीखाली एक बाई, एक सिंह आणि चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकारने अशी चकती पाठवली होती. काठावर लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. परतंत्र मुलखातल्या घरात हे वाक्य देवाशेजारी उभं आहे, आणि ते काय म्हणतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी वाचून सांगितलं तेव्हा वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या.

या चकत्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांवर हुद्दा घालत नसत. जनरल असो की शिपाई, फक्त नाव. मरणात सगळे सारखे, हा त्यामागचा विचार.

चकतीवरून पलटण कळत नाही. पण त्याच घरी डब्यात चांदीचं मेडल होतं. मेडलच्या चित्रात वेळ घालवू नका, कड बघा, असं मी मुलांना आधीच सांगितलं होतं. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगाखाली वाचलं: शिपाई, ११० मराठा लाइट इन्फन्ट्री.

११० म्हणजे कुत. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी जनरल टाउनशेंडच्या फौजेला तिथे वेढलं. फौज पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आणि घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई बरेच दिवस तयार होईनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर हजारो मेले. या घरातला शिपाई मात्र शरणागतीच्या आधीच, वेढ्यातच गेला.

घरात एवढंच माहीत होतं: "बसऱ्याला गेला, नदीकाठी मेला." नदीकाठी हे बरोबर होतं.

देह नाही, अस्थी नाहीत. भटजींनी पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हरवलेल्या माणसाचं असं अंत्यकर्म करतात. तो पुतळा तरीच्या पायऱ्यांवर जाळला आणि तिथे जांभ्याचा चौथरा बांधला. मुलं ज्यावर बसून गळ टाकतात तो 'बसऱ्याचा चौथरा' तो हा. मी बसऱ्याचा म्हणजे बसायचा समजत होते.

२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या संगणकावर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी शोधायला बसलो. हा आयोग १९१७ साली स्थापन झाला, फेबियन वेअर यांच्या खटपटीतून. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नोंद त्यांच्याकडे आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो.

शोधणाऱ्यांसाठी: जिल्हा 'रायगड' घालू नका, तेव्हा तो कुलाबा होता, नाव १९८१ साली बदललं. आडनावं कानाने लिहिलेली आहेत. पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, जाधवचं जादाव. आमच्या गावाचं स्पेलिंग आत्तापर्यंत चार प्रकारे सापडलं. म्हणून आधी पलटण, मग बापाचं नाव, आणि गाव सगळ्यात शेवटी.

कुतचा आमचा माणूस सापडला. बापाचं नाव जुळलं. स्मारक: बसरा.

बसऱ्याचं स्मारक १९२९ साली शत्-अल-अरबच्या काठी उघडलं गेलं. ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचं ते स्मारक. १९९७ साली सद्दामच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं. पण मला सलणारी गोष्ट वेगळी आहे. त्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा कोरला आहे. अमुक पलटण, आणि इतर इतके.

आमच्या चावडीतल्या पाटीसारखंच.

२०२१ साली खुद्द आयोगानेच चौकशी करून अहवाल काढला. आशिया-आफ्रिकेतल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मारक इतरांच्या बरोबरीने झालं नाही, आणि निदान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंद झालीच नाही किंवा मुळीच झाली नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि माफी मागितली. हे वाचून राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र काकांचं "दगड चुकला असेल" आठवलं आणि आम्ही चोवीसावर वही मिटायला निघालो होतो तेही आठवलं.

१६ फेब्रुवारी

बौद्धवाडीत गेलो. खरं तर इथेच आधी यायला हवं होतं.

या वाडीत वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वरच्या आळीत इचारलंस, मंग हितं. नेहमीचंच." मी म्हटलं, चुकलं आजी. त्यांनी पाट सरकवला.

त्यांनी अकरा नावं सांगितली. वहीत बघत नव्हत्या, नदीकडे बघत होत्या, आणि घरं मोजत होत्या. हे घर, मग ते घर, ज्या घराची आता फक्त जोती उरली आहेत ते घर. अकरांतले दोघे परत आले नाहीत. नऊजण १११ महार या पलटणीत होते, ते दोघे मजुरांच्या पलटणीत.

इथे थोडा मागचा इतिहास लिहायला हवा. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांचा स्तंभ आहे, त्यावर शिपायांची नावं कोरली आहेत. 'नाक' हा प्रत्यय लागलेली त्यांत २२ आहेत, ती महारांची. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी साध्या शिपायाचं नाव दगडावर येत होतं आणि त्यानंतर शंभर वर्षांनी बसऱ्याला येत नव्हतं. मधल्या काळात, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, महारांची भरतीच बंद केली गेली. त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर आमच्याच महाड तालुक्यातले, रावढळचे, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार उभी केली आणि १९२१ साली मोडली. पोरं घरी आली, मेडलं घेऊन, पिन्शनीशिवाय. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावला.

मजूर पलटणीतल्या दोघांची नोंद आयोगाच्या यादीत आम्हाला सापडलेली नाही. अशा मजुरांचीच नोंद सर्वांत कमी झाली. 'नाव कुठे कोरलंय' या रकान्यात मी लिहिलं: आजींच्या तोंडी.

चोवीस आणि अकरा, पस्तीस.

१४ मार्च

शिमगा. चाकरमानी आलेत. पालखी सहाणेवर असताना कट्ट्यावर वही उघडून बसले. दोन दिवसांत कुणबीवाडीतली तीन नावं मिळाली, तिघेही परत आलेले. ३८. मेलेल्यांपैकी सात. एकाने विरारच्या घरून मेडलचा फोटो मागवला, कड मात्र फोटोत नाही. रात्री पुन्हा फोन करायला सांगितलाय.

२० मार्च

महाडला चवदार तळ्यावर दर वर्षीप्रमाणे लोटलेली गर्दी. आजींचा नातू बरोबर होता. १९२७ च्या मार्चमध्ये इथे जे पाणी प्यायले त्यांत पलटणीतून आलेले पेन्शनर बरेच होते. शिस्तीत ओळीने चालणं त्यांना सवयीचं होतं. डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब बोटीने आले आणि दासगावला उतरले. म्हणजे आमचीच खाडी. नातू म्हणाला, "आमच्या पणज्याच्या बाजूला कोण चालत होतं, ते लिहून ठेवायला हवं होतं." वहीत तेवढी टीप केली.

१२ एप्रिल

ईद होऊन गेल्यावर मोहल्ल्यात गेलो. तिथल्या चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमचे लोक तुमच्या दगडात नसणार. ते पलटणीत नव्हते, बोटीवर होते."

चार जण. दोन पहिल्या लढाईत, दोन दुसऱ्या. इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणारे आणि डेकवरचे खलाशी. भरती मुंबईत व्हायची, म्हणून गावच्या आकड्यात ते आले नाहीत. युद्ध आपल्या समुद्रापर्यंत आलं नव्हतं असं मला वाटायचं. पण १९१७ च्या फेब्रुवारीत 'वुल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले होते, आणि २३ जून १९१७ ला त्यातल्याच एकावर 'मंगोलिया' ही मोठी आगबोट बुडाली. २३ जण गेले. जूनअखेर, ऐन पावसात, कोकणचा समुद्र कसा असतो हे इथल्या कोणालाही सांगायला नको.

चाचांच्या घरातला माणूस दुसऱ्या महायुद्धात गेला. तार आली, मशिदीत गायबाना जनाजा पढला, म्हणजे मय्यत समोर नसताना पढायची नमाज. त्यांच्या दादीने कबरस्तानात एक जागा राखून ठेवली होती. तिथे चिंच उगवलीय. ती कोणी तोडत नाही.

२६ एप्रिल

मुंबई, मस्जिद बंदर, इंडियन सेलर्स होम. चाचांचा मुलगा आणि मी. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २,२२३ खलाशांचं स्मारक इथे आहे. दुसऱ्या महायुद्धातले जवळजवळ ६,००० व्यापारी खलाशी आणि नौदलाचे सुमारे ४०० यांची नावं नोंदवहीत आहेत. तीच नावं चितगावच्या स्मारकातही आहेत. बाहेर हातगाड्यांचा आणि हमालांचा गोंगाट, आत एकदम शांत.

मुलाने आजोबांच्या वडिलांचं नाव शोधलं. आधी मिळेना, मग वेगळ्या स्पेलिंगने मिळालं. त्याने खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला आणि उभ्याने फातेहा पढला. मी बाजूला झाले.

४ मे

माणगाव. मुलांना यशवंत घाडगे यांचा पुतळा दाखवला. नाईक घाडगे याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबरच्या खोऱ्यात. मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, ते एकटे उरले. हातबॉम्ब टाकून धावत गेले, मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने दोघांना मारलं, आणि मग आडून आलेल्या गोळ्यांनी पडले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. त्यांचीही कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाचं.

त्यांची पलटण ३/५ मराठा. १९२२ च्या फेररचनेआधीची ११०. म्हणजे देव्हाऱ्यातल्या चकतीवाल्याचीच. एसटीत हे सांगितलं तेव्हा चकतीच्या घरची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

२५ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. चावडीचं छप्पर काढलेलं, म्हणून काल घाईने पाटी सोडवली. भोवतालचा चुना छिन्नीने नव्हे, करवतीच्या जुन्या पात्याने खरवडून काढला, गोणपाटात गुंडाळली, चौघांनी वाचनालयात नेली. एक कोपरा आधीपासून तडकलेला होता, तो वेगळा जपून ठेवलाय.

नव्या इमारतीत पाटी जशीच्या तशी लावायची आणि शेजारी नावांचा दगड, हे ग्रामसभेत ठरलं. नावं कोणत्या क्रमाने, यावर दोन तास गेले. काही म्हणाले हुद्द्याप्रमाणे, काही म्हणाले वाडीप्रमाणे. मी चकती आणून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हुद्दा का नाही ते सांगितलं. काका उठले आणि म्हणाले, बाराखडीप्रमाणे लावा, सगळ्यांची एकत्र. खलाशांची चार नावंही त्यातच. ते त्रेचाळीसात बसत नाहीत, तरीही.

३१ मे

आठवा सापडला. गावाचं पाचवं स्पेलिंग. पलटण ११७ मराठा, आडनाव नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. गावात या नावाचं घर कोणाला आठवेना. पावसात छत्री धरून बौद्धवाडीतल्या आजींकडे गेले, कारण घरं त्यांच्याइतकी कोणाला पाठ नाहीत. बापाचं नाव ऐकताच म्हणाल्या, "तरीवाल्याचा पोर. नदीकडचं घर, रेव्याच्या पुरात गेलं. माझी आय सांगायची." तर चालवणाऱ्याचाच मुलगा. बाकीच्या सगळ्यांना ज्या होडीने पोचवलं तिच्याच मालकाचा.

३९ झाली. वहीतला त्याचा रकाना भरत आले आणि 'वय' वर थांबले. विचारलं, किती असेल आजी?

त्या म्हणाल्या, "वय कुठलं म्हाईत. लगीन ठरलं व्हतं. तसं लिव्ह."

तसं लिहिलं.